तिथीची पाऊणकी आणि सायकलची चाकं: अलिबाग ते राजपुरी, तीन दिवसांत

ही सफर ठरवताना सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि तिथी बघा. सायकल, सुट्टी, राहायची जागा हे सगळं त्यानंतर. अलिबागपासून मुरूडजवळच्या राजपुरीपर्यंतच्या किनाऱ्यावर जुनं असं जे काही उभं आहे, त्यातलं बरंचसं पाण्यात किंवा पाण्याला खेटून आहे. तिथे कधी जायचं, हे समुद्र ठरवतो.

पहिल्या खेपेला मला हे ठाऊक नव्हतं. शनिवारी पहाटे कोथरूडहून गाडीत सायकली टाकून निघालो. अलिबागला पोचायला दहा वाजले, मग मिसळ, मग चहा. किनाऱ्यावर आलो तेव्हा अकरा वाजत आले होते आणि कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर पाणी होतं. उतरेल थोड्या वेळात, म्हणून वाळूत बसून राहिलो. अर्ध्या तासाने पाणी आमच्या चपलांपर्यंत आलं. शेजारी एक कोळी काका जाळं नीट करत बसले होते. त्यांनी विचारलं, “आज तिथ कोणती?” कुणालाच सांगता येईना. मग त्यांनीच सांगितलं, “चतुर्थी हाय. तीन वाजता पूर्ण भरती. तुम्ही नवाला यायला हवं होतं.”

त्यांनी शिकवलेला हिशोब असा. तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीला तीनाने गुणून चाराने भागायचं. येईल तो आकडा भरतीची वेळ, दुपारची आणि पहाटेची दोन्ही. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणून भरती तीनला आणि ओहोटी नऊला. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेच या पाऊणकीत बसवलेलं आहे. आपल्या आजी-आजोबांना पावकी-निमकी-पाऊणकी पाठ असायची. किनाऱ्यावर ती अजून रोजच्या वापरात आहे.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती मागे हटतं याला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती खूप वर चढते आणि ओहोटीही खूप मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती-ओहोटी असते. पाणी जेमतेम हलतं आणि किल्ल्याची वाट धड कोरडी होत नाही. म्हणून शुद्ध किंवा वद्य द्वितीयेपासून पंचमीपर्यंत शनिवार येईल, तो आठवडा धरा. ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान मिळते आणि पाणीही चांगलं मागे गेलेलं असतं. पाऊणकी हा अंदाज आहे. निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यात अलिबाग किंवा मुंबईची वेळ आणि मीटरमधली उंची बघा. ओहोटीचा आकडा जितका लहान, तितकी वाट मोकळी.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात हवा चिकट आणि ऊन कडक असतं, मार्चपासून दमट उकाड्यात सायकल चालवणं म्हणजे नुसता घाम. पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि तटावरचे दगड शेवाळतात, तेव्हा नकोच. जोडून सुट्ट्या आणि वर्षाखेरीचा आठवडाही टाळा. हा रस्ता अरुंद आहे आणि त्या दिवसांत अख्खी मुंबई आणि निम्मं पुणे त्यावर असतं.

सायकल आणि सामान

एकूण अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, तेही तीन दिवसांत. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या कुणालाही हे जमतं. ज्यांनी बरेच दिवस सायकल चालवलेली नाही, त्यांनी आधीचे तीन-चार रविवार खडकवासला-पानशेत रस्त्यावर घालवावेत आणि एकदा कात्रजचा जुना घाट चढून बघावा. काशीदच्या पुढे मुरूडपर्यंत लहान-लहान चढउतार येतात. एकेक चढ फारसा नाही, पण दुपारच्या उन्हात एकामागून एक येतात तेव्हा पाय बोलायला लागतात.

गिअरची हायब्रिड सायकल उत्तम, माउंटन बाइक चालेल. रोडबाइकचे बारीक टायर गावातल्या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायवाटांवर, आणि वाडीतल्या रस्त्यांवर त्रास देतात. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, साखळीचं तेल, जुनं फडकं, पुढचा-मागचा दिवा आणि हेल्मेट हवंच. सामान पाठीवर घेऊ नका, कॅरिअरला बांधा. पाठ मोकळी राहिली की घाम सुकतो.

बूट बंद असावेत. जांभ्याच्या आणि काळ्या दगडाच्या पडक्या भिंतींत फुरसं असतं. ते लहान असतं, दगडाच्या रंगाचं असतं आणि हलत नाही. भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही, गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटायची. कुलाब्याच्या वाटेसाठी मात्र पट्ट्याची सँडल वेगळी ठेवा, कारण तिथे खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि अनवाणी पाय कापतो.

सायकल पुढच्या चाकापर्यंतही समुद्राच्या पाण्यात घालू नका. फोटोसाठी ओल्या वाळूवरून चालवायचा मोह सगळ्यांना होतो. साखळी आणि बेअरिंगमध्ये शिरलेलं मीठ घरी येईपर्यंत गंज धरतं.

पुण्याहून सायकल न्यायची कशी

खोपोली-पेणमार्गे अलिबाग साधारण एकशे चाळीस किलोमीटर पडतं. सायकलनेच जायचा उत्साह असेल तर जा, पण मग किनाऱ्यासाठी पाय आणि डोळे दोन्ही थकलेले असतील. मी गाडीच्या मागे रॅक लावून नेतो. चौघं असलात तर छोटा टेम्पो ठरवणं सोयीचं. घडीची सायकल असेल तर एसटीही चालते.

शुक्रवारी संध्याकाळीच निघा आणि मुक्काम अलिबागला किंवा नागावला करा. शनिवारी पहाटे निघून नऊची ओहोटी गाठणं पुण्याहून होत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय. गाडी तिथल्या घरमालकांना विचारून त्यांच्याच अंगणात ठेवा. परत येताना एकाने मुरूडहून एसटीने अलिबागला जाऊन गाडी आणायची, तोवर बाकीच्यांनी सायकली धुऊन-पुसून ठेवायच्या.

पहिला दिवस: कुलाबा, आक्षी, चौल

सायकल मुक्कामाच्या जागीच ठेवून किनाऱ्यावर चालत जा. ओहोटीच्या तासभर आधी वाटेला लागायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीला निघायचं. मध्ये दीड तास किल्ल्यात मिळतो, तेवढा पुरतो. मनगटावर घड्याळ ठेवा, कारण तटावर गप्पा रंगल्या की पाणी कधी वळलं ते कळत नाही. पाणी गुडघ्याला लागलं तर घोडागाडीवाले आणून सोडतात. तेही नसतील तर पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यातच थांबा. चढत्या पाण्यातून चालत यायचं धाडस करू नका.

कुलाब्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. तटाजवळ जाऊन दगडांचे सांधे बघा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो, भिंतीला धक्का बसत नाही. ओहोटीला खालच्या थरांवरची कालवं आणि शेवाळ दिसतं, त्यावरून रोजची भरती कुठवर येते ते कळतं. आत राघोजी आंग्रे यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. उत्तरेच्या तटावर गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा दिसतील. त्या इंग्लंडातल्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या, म्हणजे आंग्र्यांनंतरच्या. गावात परत आल्यावर कान्होजींच्या समाधीवर जाऊन या. १७२९ मध्ये ते गेले. समाधीचं आवार भर वस्तीत असूनही शांत आहे.

नाश्ता करून सायकल काढा आणि रेवदंड्याच्या रस्त्याला लागा. पाचेक किलोमीटरवर आक्षी लागतं. इथून हजारो गाड्या नागावच्या किनाऱ्याकडे जातात, पण थांबणारे फार थोडे. गावात शिरून कुणालाही “शिलालेख कुठे?” असं विचारा. ही गद्धेगाळ आहे. वर चंद्र-सूर्य, खाली गाढवाचं शिल्प, आणि दान मोडणाऱ्याला शाप. लेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा असं वाचलं गेलं आहे. ते वाचन धरलं तर मराठीतला हा सगळ्यात जुना ज्ञात शिलालेख ठरतो. वर्षाच्या वाचनावर अभ्यासकांत वाद आहे. शिलाहार राजा केसिदेव यात स्वतःला पश्चिमसमुद्राधिपती म्हणवतो. आपली भाषा इतक्या लवकर दगडावर उमटली, तीही समुद्राची गाज ऐकू येईल अशा जागी. मी दर वेळी इथे दहा मिनिटं तरी बसतो. अक्षरांवर पाणी ओतू नका, खडू फिरवू नका. उन्हाची तिरीप तिरकी असेल तेव्हा अक्षरं आपोआप उठून दिसतात, म्हणून सकाळी किंवा चारनंतर जा.

नागावच्या पुढे रस्ता नारळी-पोफळीच्या सावलीत शिरतो. इथे वेग आपसूक कमी होतो. झाडाखाली सायकल लावताना मात्र वर बघा. वाळलेली झावळ किंवा नारळ कधी सुटेल, सांगता येत नाही.

चौलला दुपारी पोचा आणि मुक्काम तिथेच करा. जेवण घरगुती खाणावळीत, पण सकाळीच फोन करून सांगायला हवं, कारण मासळी बाजारातून आणून त्यानंतर सारण-वाटण होतं. आयत्या वेळी गेलात तर डाळ-भातावर निभवावं लागेल. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं आणि सोलकढी मागा.

चौलात बघायचं काय, तर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. वाड्या, विहिरी, कुंपणं, मध्येच एखादं देऊळ. पण ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांच्या लिखाणात जे सेमुल्ला किंवा सिमुल्ला बंदर येतं ते हेच, आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे चेमुलचे लोकही इथलेच. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेला, तेव्हा या गावाला सैमूर म्हणत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन करून या जुन्या बंदराचा माग काढला आहे. बंदर गाळाने भरत गेलं, वस्ती सरकली आणि वर वाड्या उभ्या राहिल्या. म्हणून चौल चाकांवरून आणि पायी हिंडत बघायचं गाव आहे. मुख्य रस्ता सोडून आत वळा, पाखाडीने जा, कुठे चिऱ्याचा चौथरा दिसेल, कुठे पायऱ्यांची पुष्करणी.

रामेश्वराचं देऊळ चुकवू नका. समोर मोठी पुष्करणी आहे, आणि आत पर्जन्य, वायू, अग्नी अशी तीन कुंडं जमिनीखाली बंद केलेली आहेत. अवर्षणात पर्जन्यकुंड उघडत असत, असं गावकरी सांगतात. संध्याकाळी दत्ताच्या टेकडीवर पायऱ्या चढून जा. वरून कुंडलिका खाडी, रेवदंड्याची झाडी आणि पलीकडे कोर्लईची सोंड एकाच नजरेत येते. उद्या कुठून कुठे जायचं, हे नकाशापेक्षा इथून जास्त नीट कळतं.

दुसरा दिवस: रेवदंडा आणि कोर्लई, सगळा वेळ इथे

तीन दिवसांत एकच दिवस मन लावून द्यायचा असेल तर हा द्या. सकाळी सातला निघा. चौल संपून रेवदंडा कधी सुरू झालं ते कळत नाही. एकदम समोर तट येतो आणि डांबरी रस्ता त्यातूनच आत जातो. पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला. आज सगळं रेवदंडा गाव त्या तटाच्या आत राहतं.

सायकल बाजाराजवळ कुणाच्या तरी दुकानासमोर लावा. “दादा, दोन तास राहू दे का?” म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. आता पायी. आधी समुद्राच्या बाजूला जा, कारण ओहोटी पुन्हा नऊ-दहाच्या सुमारास आहे. पाणी मागे गेलेलं असताना वाळूवरून तटाच्या बाहेरच्या अंगाने चालता येतं. भिंतीची खरी उंची आणि बुरुज इथूनच कळतात. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने या किल्ल्याला वेढा घातला होता आणि तो फसला. भिंतीला पाठ लावून समुद्राकडे बघा. रसद समुद्रातून येत राहिली की जमिनीवरच्या वेढ्याचं काय होतं, ते कुणी सांगावं लागत नाही.

मग आत या. वाड्यांमध्ये एक उंच चौकोनी मनोरा उभा आहे, त्याला सातखणी म्हणतात. फ्रान्सिस्कन चर्चचा तो घंटाघराचा मनोरा. आता सातही खण उरलेले नाहीत, पण झाडांच्या वर डोकं काढून तो अजून उभा आहे. आसपास चर्चच्या भिंती आणि कमानी वाड्यांच्या कुंपणांत मिसळून गेल्यात. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. ही जागा उघडी दिसली तरी कुणाची तरी वाडी असते. बेड्यापाशी, म्हणजे वाडीच्या फाटकापाशी, उभं राहून हाक मारा, “काकू, आत येऊन भिंत बघू का?” एकदा अशीच हाक मारली, तर सुपारी सोलत बसलेल्या आजींनी नुसती परवानगीच दिली नाही, उठून स्वतः आल्या. विहिरीच्या काठाचा कोरीव दगड दाखवून म्हणाल्या, “ह्यो आमचा धुण्याचा दगूड. माझ्या सासूबाई पण ह्याच्यावरच धुवायच्या.” त्या दगडावर अर्धवट लॅटिन अक्षरं होती. न विचारता शिरलो असतो, तर तो दगड आम्हाला दिसलाच नसता.

रेवदंड्यात रशियन व्यापारी अफानासी निकितिन याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात तो विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि तिथून जमिनीच्या वाटेने पाली, उमरी करत जुन्नरला गेला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला. आपण पुण्याहून घाट उतरून इथे आलो, तो याच किनाऱ्यावरून घाट चढून आपल्याकडे आला होता. गावात बेने इस्रायली या ज्यू समाजाचं जुनं सिनेगॉगही आहे. तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून या लोकांना शनिवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावं ऐकली की ते या मातीत किती मुरले होते ते कळतं. बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. सिनेगॉग बंद असेल तर बाहेरून बघा, उघडं असेल तर डोकं झाकून, परवानगी घेऊन आत जा.

पाणी भरून घ्या आणि साळावचा पूल ओलांडा. पुलावर आणि त्यानंतरच्या थोड्या टप्प्यात अवजड वाहनं असतात. एकामागे एक चालवा, दिवे लावा, कुठे थांबू नका. साळावच्या पुढे उजवीकडे समुद्र आणि समोर कोर्लईचा डोंगर. मुख्य रस्ता सोडून गावात शिरा आणि दीपगृहापर्यंत सायकलने जा. गावातला रस्ता चिंचोळा आहे, दोन्ही बाजूंना बोंबील वाळत घातलेले असतात. उतरून सायकल हाताने न्या.

या गावात पोर्तुगिजांच्या काळापासूनचे ख्रिस्ती रहिवासी आहेत आणि ते घरात वेगळीच भाषा बोलतात. पोर्तुगीज आणि मराठीच्या मेळातून झालेली ही भाषा. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज इथून १७४० मध्ये गेले, भाषा मात्र या एका गावात टिकली. कुतूहल वाटणं साहजिक आहे, पण कॅमेरा पुढे करून “तुमच्या भाषेत बोलून दाखवा ना” असं म्हणू नका. दुकानात बसून लिंबू सरबत घ्या, मराठीत गप्पा मारा. ती भाषा शेजारच्या ओट्यावर आपोआप कानावर पडते.

दीपगृहाजवळून पायऱ्या चढतात. वर जायला वीस-पंचवीस मिनिटं. ऊन चढण्याआधी चढलात तर बरं, म्हणून रेवदंड्यातून साडेदहापर्यंत निघा. किल्ला लांबट आणि अरुंद आहे, डोंगराच्या धारेवर ओढल्यासारखा. एकामागून एक दरवाजे येतात, त्यामुळे शत्रूने एक घेतला तरी पुढचा उरतोच. माथ्यावर चर्चचे अवशेष, तोफा आणि पाण्याचं टाकं. पाण्याच्या टोकापर्यंत खाली उतरत जाणारा भाग बघायला जाताना कठडा नाही हे लक्षात ठेवा. वारा जोराचा असतो.

उत्तरेच्या तटावर उभे राहा. खाली कुंडलिकेचं मुख, पलीकडे रेवदंडा. मार्च १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या मामलुक आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगिजांना हरवलं आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा इथे मारला गेला. निजामशाहाने पुढे या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला. इथल्या तोफा रेवदंड्यावर आणि खाडीत येणाऱ्या प्रत्येक गलबतावर धरता येतात, हे वर आल्या-आल्या कळतं. पोर्तुगिजांनाही ते कळलं आणि १५९४ मध्ये त्यांनी तो जिंकून घेतला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि त्यानंतरच्या तहात, १७४० मध्ये, रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले.

उतरून जेवा, दोन तास सावलीत पडा, तीनच्या सुमारास पुढे निघा. बोर्ली, बारशिव, काशीद. काशीदचा किनारा सुंदर आहे, पण पाण्यात जाऊ नका. तिथे पाण्याची ओढ फार आहे आणि दरवर्षी माणसं बुडतात. मुक्काम काशीदच्या गर्दीत करण्यापेक्षा पुढे नांदगावला करा. सिद्धिविनायकाचं देऊळ, शांत किनारा आणि अंगणात सायकल लावायला जागा.

तिसरा दिवस: मुरूड, राजपुरी, जंजिरा

हा रविवार असणार, म्हणून लवकर उठा. आठपर्यंत राजपुरीच्या धक्क्यावर पोचलात तर पहिल्या होडीत जागा मिळते. दहानंतर रांग लागते. मुरूडच्या अलीकडे चढावर नवाबाचा राजवाडा दिसतो. तो खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघायचा.

जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जातात. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. तटाजवळ होडी येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, बुरुजांच्या कुशीत तो लपवलेला आहे. दारातल्या भिंतीवर पंजांत हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलाय, त्याकडे बघायला चढता-उतरताना मुद्दाम थांबा. होडीवाले साधारण पाऊण तास देतात. तेवढ्यात सगळं होत नाही, म्हणून माझा क्रम ऐका: आधी कलालबांगडी तोफ आणि तिथला तट, मग गोड्या पाण्याचे तलाव, वेळ उरला तर बालेकिल्ला. वाटाड्या घेतलात तर गोष्टी ऐका, पण तटावरून आपल्या डोळ्यांनी किनाऱ्याचं अंतर मोजा. १६८२ च्या मोहिमेत संभाजी महाराजांनी हीच सामुद्रधुनी दगडांनी भरून वाट करायचा प्रयत्न केला होता. औरंगजेबाची फौज चालून आल्याने तो अर्धा राहिला. सिद्दींचं राज्य १९४८ मध्ये भारतात विलीन झालं, तोवर हा किल्ला कुणी लढून घेऊ शकलं नाही.

तटावरून वायव्येला समुद्रात आणखी एक किल्ला दिसतो, पद्मदुर्ग. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह देण्यासाठी तो बांधला. समुद्र शांत असेल तर मुरूडच्या कोळीवाड्यातून होडी मिळू शकते, आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. तिथल्या तटाचा दगड खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी झिजून आत गेला आहे आणि सांध्यांमधला चुना मात्र जागच्या जागी उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. त्या काळच्या चुन्याची घाणी कशी मळत असतील, याचा विचार करत मी तिथे बराच वेळ बसलो होतो.

राजपुरीहून खोकरीला जा. सिद्दी सरदारांच्या तीन दगडी घुमटी झाडीत उभ्या आहेत आणि तिथे सहसा कुणी नसतं. जाळीदार खिडक्या, कमानी, कोरीव काम बघत अर्धा तास सहज जातो. थडगी आहेत, बूट काढून आत जा, आवाज कमी ठेवा.

परतीची एसटी किंवा गाडी मुरूडहून. दुपारी तीननंतर अलिबाग रस्त्यावर सायकल चालवू नका, सुट्टी संपवून परतणाऱ्या गाड्या वळणावर जागा देत नाहीत.

एक दिवस जास्त असेल तर आगरदांड्याहून तळ्याच्या रस्त्याने खाडीच्या काठाकाठाने जा आणि वाटेत कुडे लेणी बघा. सातवाहन काळातली ही बौद्ध लेणी राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून खोदलेली आहेत. लेखांत महाभोज मांदव घराण्याची नावं आहेत, आणि दान देणाऱ्यांत एक वैद्य, एक माळी आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. कऱ्हाडचा माणूस घाट उतरून या खाडीशी धंदा करत होता, याचा हा लेखी पुरावा. सहाव्या लेण्याच्या दाराशी मोठे हत्ती आहेत. तिथून तळा, इंदापूर, माणगाव आणि ताम्हिणीतून पुणे. ताम्हिणीचा चढ सायकलवर घ्यायचा असेल तर तो वेगळा दिवस धरा. मी माणगावला सायकली टेम्पोत टाकतो.

घरी पोचलात की रात्र झाली असली तरी सायकल आधी गोड्या पाण्याने धुवा. साखळी, गिअरचे दाते, ब्रेकच्या तारा, सीटखालचा पाइप, सगळीकडे मिठाचा थर असतो. धुऊन कोरडी करून तेल द्या. सोसायटीच्या नळावर बादली आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास. मगच वर जा आणि आंघोळ करा.